कॉफीगृहातील एक खुर्ची

मोठ्या शहरात प्रथमच राहावयास निघालेल्या मुलास किंवा मुलीस घरची माणसे जो उपदेश करतात, तो बहुधा भीतीचा असतो. पैशांचे पाकीट जप, गाडीच्या दारात उभी राहू नकोस, अनोळखी माणसाशी बोलू नकोस, दिवेलागणीपूर्वी घरी ये. या उपदेशात वावगे काही नाही. परंतु शहरात सुखाने राहावयाचे असेल तर बसावयाची एक जागा हुडकून काढ, हे मात्र कोणी सांगत नाही. पेडण्याच्या वा डिचोलीच्या माणसाला ते सुचणारही नाही. कारण बसावयाच्या जागेची त्याला कधी वाण पडलेली नसते. घरापुढे सोपो आहे, देवळाचा मंडप आहे, वडाचा पार आहे, शेजाऱ्याची पडवी आहे. मुंबईत यांपैकी एकही नाही. तेथे दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, आणि पदपथावर क्षणभर थबकले तर मागून येणारा धक्का देऊन पुढे जातो. अशा शहरात तीस-चाळीस रुपयांच्या पेयाच्या मोबदल्यात अर्धा तास एक खुर्ची आपली व्हावी, ही केवढी मोठी सोय आहे, हे तेथे काही दिवस काढल्यावाचून उमगत नाही.

रे ओल्डनबर्ग या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा स्थळांना 'तिसरी जागा' असे म्हटले आहे. पहिली जागा घर, दुसरी कामाची, आणि तिसरी ही. जेथे आपण कोणाचे कोणी नसतो, तरीही परके नसतो. ही कल्पना मी वाचली होती. तिची प्रचीती आली ती गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत.

त्या सुटीत थोडे वाचन करावे म्हणून मी मुंबईस मावशीकडे माटुंग्याला राहिले होते. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादर पूर्वेस नायगावात आहे. तेथे दिवसभर वाचावे, टिपणे काढावीत आणि सायंकाळी चालत घरी यावे, असा क्रम होता. घरात मावशीची नातवंडे, दूरदर्शनसंच आणि स्वयंपाकाची गडबड. मावशीच्या मायेला पारावार नव्हता; पण माया आणि एकांत या दोन गोष्टी दोन खोल्यांत एकत्र नांदत नाहीत. काढलेली टिपणे पुन्हा एकदा वाचून जुळवावयास तासाभराची निवांत जागा हवी होती.

प्रथम मी एका झगमगीत, काचेच्या भिंतींच्या कॉफीगृहात गेले. तेथील एका पेल्याची किंमत दोनशे रुपयांहून अधिक होती. आमच्या बाजारात तेवढ्यात एका घराची दोन दिवसांची भाजी येते, हा हिशेब मनातून जाईना. कॉफी गोड लागली, पण ती घशाखाली सुखाने उतरली नाही. असे असले तरी या नव्या दुकानांविषयी न्यायाने बोलले पाहिजे. त्या दुकानात तीन-चार मुली एकेकट्या बसल्या होत्या. कोणी अभ्यास करीत होती, कोणी खिडकीबाहेर पाहत होती. त्यांच्याकडे वळून कोणी पाहत नव्हते. प्रसाधनगृह स्वच्छ होते, आणि ज्या स्त्रीने दिवसभर शहरात वणवण केली आहे तिला या गोष्टीचे मोल विचारावे. 'कॅफे कॉफी डे'चे पहिले दुकान बंगळूरच्या ब्रिगेड रोडवर १९९६ साली उघडले. त्यानंतर अशा दुकानांचे जाळे देशभर पसरले. एकट्या स्त्रीला निःशंक बसता येईल अशी खुर्ची या दुकानांनी दिली, ही त्यांची कामगिरी खरी. मात्र ती खुर्ची त्यांनी महाग विकली.

माझे कॉफीगृह मला सापडले ते दोन गल्ल्या पलीकडे. त्याचे नाव येथे मुद्दामच देत नाही. आपल्या आवडत्या जागेची जाहिरात करण्याइतके औदार्य माझ्या अंगी नाही. दर्शनी भागी फुलांच्या वेण्या विकणारी बाई, आत संगमरवरी तुकड्यांची आठ मेजे, भिंतीवर देवाची तसबीर आणि दरांची फळी. माटुंग्यात अशी दुकाने असावीत याचे कारण त्या वस्तीच्या इतिहासात आहे. १८९६ च्या प्लेगने मुंबईची दाट वस्ती हादरली. १८९८ मध्ये शहरसुधारणेसाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला, आणि त्याने दादर, माटुंगा, शीव येथील मोकळ्या जागांवर आखीव रस्त्यांच्या नव्या वसाहती बसविल्या. त्या वसाहतींत दक्षिणेकडून आलेली कारकून मंडळी राहू लागली, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांची इडली व त्यांची कॉफीही आली. 'कॅफे मद्रास' १९४० चे, रामा नायक यांचे भोजनगृह १९४२ चे. आज तेथे रविवारी रांगा लागतात आणि रांगेत तमिळ, गुजराती, मराठी सारे उभे असतात.

कॉफी कशी करतात हे मी तेथे प्रथमच नीट पाहिले. आमच्या घरी कॉफी म्हणजे दुधात उकळलेली भुकटी, वर जायफळाचा कीस. तीही पाहुण्यांसाठी, नाहीतर पावसाळ्यात कोणाला कणकण आली तर. तेथे दोन मजली पितळी भांडे असते. वरच्या भांड्याच्या बुडाला बारीक छिद्रे. त्यात कॉफीची भुकटी दाबून बसवावयाची आणि उकळते पाणी ओतून झाकण लावावयाचे. मग घाई चालत नाही. थेंब थेंब करून काळाभोर अर्क खाली उतरतो. भुकटीत थोडी चिकोरी, म्हणजे एका वनस्पतीचे भाजलेले मूळ, मिसळलेली असते. तिच्यामुळे अर्काला दाटपणा येतो. दोन बोटे अर्क, त्यावर उकळते दूध, साखर, आणि मग वाटीतून पेल्यात व पेल्यातून वाटीत हातभर उंचीवरून ओतणे. यात कसरत दिसते, पण तिचे काम आहे: साखर विरघळते, फेस येतो, आणि ओठ भाजणार नाहीत इतकी कॉफी निवते. बाबा बुडन या सत्पुरुषाने अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या अशी परंपरा सांगते. ते डोंगर आमच्यापासून फार दूर नाहीत. पण आमचा प्रांत मात्र चहाचाच राहिला, हे एक नवलच.

गल्ल्यावर बसणारे वृद्ध गृहस्थ तिसऱ्या दिवशी माझ्याशी कोकणीत बोलले. मावशीशी मी फोनवर बोलताना त्यांच्या कानी पडले असावे. ते उडुपीकडचे, त्यांची कोकणी कानडी हेलाची, माझी पेडण्याची, मालवणीकडे झुकलेली. त्यांचे पूर्वज पोर्तुगीज अमदानीत गोव्यातून दक्षिणेकडे गेले, हे त्यांना ठाऊक होते. कुलदेवाचे नाव त्यांनी सांगितले ते आमच्या गोव्यातीलच. चार शतके विलग राहिलेल्या दोन बोली एका कॉफीच्या गल्ल्यापाशी एकमेकींना ओळखतात, यात मुंबईचा केवढा वाटा आहे! त्यानंतर मी गेले की कोपऱ्यातील पंख्याखालचे मेज मोकळे असेल तर पोऱ्या फडक्याने ते पुशी आणि "बसा, ताई" म्हणे. याहून अधिक आदरातिथ्य मला नको होते.

मोकळे नसेल तर दुसऱ्याच्या मेजावर बसावे लागे, आणि माझ्या मते अशा कॉफीगृहाचे खरे शिक्षण येथेच आहे. समोर कोण येऊन बसेल याची निवड आपल्या हाती नसते. एके दिवशी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते रोज कोडे सोडवीत आणि अडले की मराठी शब्द मला विचारीत. एके दिवशी रुग्णालयातून थेट आलेली परिचारिका. ती कॉफी येण्यापूर्वीच भिंतीला डोके टेकून झोपी गेली, आणि पोऱ्याने तिचा पेला वाटीखाली झाकून ठेवला. आमच्या गावी माणूस भेटतो तो अमक्याचा मुलगा, तमक्या वाड्यावरचा म्हणून. येथे तो केवळ समोरच्या खुर्चीवरचा माणूस असतो. साखर पुढे सरकविणे एवढाच त्याच्याशी आपला संबंध. हा संबंध क्षुल्लक आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी थोडा इतिहास पाहावा.

सोळाव्या शतकाच्या मध्यास इस्तंबुलमध्ये कॉफीगृहे निघाली, आणि १६३३ मध्ये सुलतान चौथ्या मुरादने ती बंद करविली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरात तसाच जाहीरनामा काढला. पण लंडनमध्ये एवढा गिल्ला झाला की थोड्याच दिवसांत त्याला तो मागे घ्यावा लागला. माणसे एकत्र बसतात आणि बोलतात, एवढ्यानेच सत्ताधीश अस्वस्थ झाले. आपल्याकडे सत्तेची नव्हे, सोवळ्याची अडचण होती. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. न्यायमूर्ती रानडे व लोकमान्य टिळक त्यांत होते. त्या एका पेल्याने पुण्यात वादळ उठले आणि गोष्ट प्रायश्चित्तापर्यंत गेली. पुढे मुंबईत इराण्यांनी चौकाचौकांत दुकाने मांडली आणि त्यांच्या मेजावर कामगार, कारकून, विद्यार्थी शेजारी शेजारी बसले. धोबीतलावच्या जेर महाल इमारतीत १९०४ पासून 'कयानी' आहे; त्याच इमारतीत गोव्याच्या गावागावांच्या 'कुडी' आहेत, जेथे बोटीवर नोकरी शोधावयास आलेले आमचे गोमंतकीय बांधव मुक्काम करीत. १९५७ नंतर कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्या प्रेरणेने तेथील कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली. तुऱ्याची पगडी घातलेला वाढपी तेथे मालकही असतो.

आणि या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट आपल्या राज्यघटनेत आहे. तिच्या १५ व्या अनुच्छेदात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणाही नागरिकास दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. विद्यार्थी-विद्यार्थिनींनो, नागरिकशास्त्राच्या तासाला हे वाक्य आपण पाठ करून पुढे जातो. एवढ्या मोठ्या देशाचा पाया घालणाऱ्यांना चहाच्या दुकानाचे दार लिहून ठेवण्याइतके महत्त्वाचे का वाटले, याचा विचार कधी केला आहे काय? विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या पंक्तीला त्यांनी उपाहारगृह बसविले, ते उगाच नव्हे. गोव्यात ही घटना आली ती १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीनंतर.

त्या वाक्यातील 'जात' या शब्दाकडे आपले लक्ष जाते. 'लिंग' या शब्दाकडे जात नाही. पेडण्याच्या बाजारात, डिचोलीच्या बसस्थानकापाशी, साखळीत, मांद्र्यात, कोठेही सकाळी आठ वाजता जा. चहाच्या दुकानात बाके भरलेली असतात. पातळ भाजी, सुकी भाजी, कातरे पाव, मिरची, बन. वर्तमानपत्राची पाने वाटून घेतलेली. पंचायतीपासून दिल्लीपर्यंत सर्व प्रश्नांचा निकाल लागत असतो. गावाचे लोकमत तेथे घडते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. आणि तेथे एकही स्त्री बसलेली नसते. तिला कोणी मज्जाव केलेला नाही. फळीवर तसे लिहिलेलेही नाही. ती येते, भाजी-पाव बांधून घेते आणि निघून जाते. बसली तर कुटुंबासह, आणि शक्यतो आतल्या खोलीत. मुंबईच्या इराण्यांकडे व उडुप्यांकडे पूर्वी पडदा लावलेली 'फॅमिली रूम' असे. आमच्याकडे पडदा दिसत नाही, इतकाच फरक. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांच्या २०११ मधील 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या स्त्रियांविषयी एक मार्मिक निरीक्षण आहे: सार्वजनिक जागी स्त्रीला नेहमी काही कामासाठी आल्याचे दाखवावे लागते, कामावाचून नुसते रेंगाळण्याची मुभा पुरुषाला. आमच्या तालुक्याला हे निरीक्षण मुंबईहून अधिक लागू पडते.

हा प्रश्न पूर्वीही होता. आता तो निकडीचा झाला आहे. मोप येथील विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. आमच्याकडे शिकून गेलेल्या काही मुली आज तेथे नोकरी करतात. काही तुयेच्या औद्योगिक वसाहतीत आहेत. त्यांतील एक विमानतळावरील उपाहारगृहात प्रवाशांना कॉफी देते. दिवसभरात कित्येक पेले ती भरते. पाळी संपल्यावर बस येण्यास वेळ असतो, तेव्हा ती बसथांब्याच्या खांबाला टेकून उभी राहते. "चहाच्या दुकानात का बसत नाहीस?" असे मी विचारले. ती हसली आणि म्हणाली, "बाई, तेथे सगळे पुरुषच असतात. उद्या घरी कोणीतरी सांगेल." स्वतःच्या कमाईचे पैसे तिच्या हातात आहेत, दुकान समोर आहे, खुर्ची रिकामी आहे, आणि ती उभी आहे.

यावर दोन आक्षेप येतील, ते मला ठाऊक आहेत. वडील मंडळी म्हणतील की हॉटेलात बसणे हे रिकामटेकड्यांचे लक्षण. घरी चहा मिळत नाही काय? हा आक्षेप पुरुषांनाही लावला जाईल तेव्हा मी तो ऐकेन. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्यासारखा आहे. मुलींना बसावयाचे तर पणजी-म्हापशाला नवी कॉफीगृहे आहेत, पेडण्याच्या किनारी भागात तर परदेशी प्रवाशांसाठी पावलोपावली आहेत. तेथे त्यांनी जावे, जुन्या दुकानांची घडी का मोडावी? पण त्या जागांचे दर आमच्या पगारांना झेपणारे नाहीत, हे एक. आणि दुसरे असे की तेथे गाव भेटत नाही. पाणी का येत नाही, बस कोणी बंद केली, शाळेचे छप्पर केव्हा होणार, या गोष्टी जेथे बोलल्या जातात तेथेच बसावयाचे आहे. डिचोली तालुक्यात २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा त्या बंदीची चर्चा महिनोन्महिने चहाच्या दुकानांत झाली. घरखर्चाची तोंडमिळवणी ज्यांनी केली त्या बायकांचा शब्द त्या चर्चेत नव्हता. दुकानदारांनाही माझे एक सांगणे आहे. दर्शनी भागी एक स्वच्छ मेज, नीट कडी लागणारे प्रसाधनगृह आणि टक लावून पाहणाऱ्या गिऱ्हाइकास एक खाकर, एवढे त्यांनी केले तरी त्यांचा धंदा वाढेल, घटणार नाही.

मुलींनो, मुंबई-पुण्यास शिकावयास गेलात तर आपले कॉफीगृह जरूर शोधा. ते मोठ्या रस्त्यावर नसते. एक-दोन गल्ल्या आत असते. जेथे म्हातारी माणसे एकटी बसलेली दिसतील, पोऱ्यांचे मालकाशी मोकळेपणाने बोलणे चाललेले असेल आणि पेला रिकामा झाल्याबरोबर हिशेबाचा कागद पुढे येणार नाही, तेथे बसा. गर्दीच्या वेळी खुर्ची अडवू नका. जेवणाच्या वेळेस तर मुळीच नको. पण त्यासाठी मुंबईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. यंदा नववीची सहल पणजीस न्यावयाची आहे. संग्रहालय आणि ग्रंथालय पाहून झाल्यावर सर्वांना एका रांगेत बसवून पुडकी वाटण्याची प्रथा या खेपेस मोडावी, असे मी शिक्षकसभेत सुचविले आहे. चार-चार मुलींनी पणजीतील एखाद्या जुन्या भाजी-पावाच्या दुकानात जावे, दर्शनी मेजावर बसावे, काय हवे ते स्वतः सांगावे आणि पैसे प्रत्येकीने आपल्या हाताने गल्ल्यावर द्यावेत. आम्ही शिक्षक दुसऱ्या मेजावर बसू. मुख्याध्यापकांनी पालकांची लेखी संमती मागविली आहे. एकवीस चिठ्ठ्या आल्या आहेत, नऊ अजून यावयाच्या आहेत.